खाण आणि माती

बालनाट्य म्हटले की बोलके प्राणी, गमतीची गाणी आणि शेवटी एखादा बोध, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंचमधून लेखन करणाऱ्या सुझान लबो यांचे ‘लॉग्रले’ हे १९९७ सालचे नाटक या समजुतीला छेद देते. लबो यांनी झेर्वे गोद्रो यांच्यासह १९७५ साली ‘ल कारूसेल’ ही नाट्यसंस्था स्थापन केली आणि आपली लेखणी मुख्यत्वे बालप्रेक्षकांसाठी वाहिली. शीर्षकाचा अर्थ ‘नरभक्षक राक्षसाचे पोर’ असा सांगता येईल.

सहा वर्षांचा, वयाच्या मानाने धिप्पाड असा हा मुलगा रानातल्या एकाकी घरात आईबरोबर राहतो. आई मानवी, पिता राक्षस. पण पिता घर सोडून गेला आहे आणि तो कोण होता, हे मुलाला ठाऊक नाही. त्याची भूक जागी होऊ नये म्हणून आईने लाल रंगदेखील घराबाहेर ठेवला आहे. मात्र शाळेत जाण्याचा दिवस उजाडतो आणि मौनाची ही तटबंदी ढासळते.

शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या कथासंग्रहातही राक्षस आहे. परंतु तो मुलांहून वेगळा, बाहेरचा शत्रू आहे. त्याला चकवले की कथा संपते. लबो यांनी राक्षसाला मुलाच्या रक्तातच आणून बसविले आहे. त्याच्यापासून पळून जायचे तरी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर तीन कसोट्यांत आहे. कोंबडा, मग लांडगा आणि अखेरीस एक मूल, यांच्या सहवासात त्यांना न खाता राहायचे. आणि दर वेळी मुदत वाढत जाते. आईला भय वाटते, तरी मुलगा या कसोट्या स्वतः पत्करतो. आमच्या मते नाटकाचे मर्म येथे आहे. भूक लागणे हा त्याचा अपराध नव्हे. तिला संमती देणे वा न देणे एवढेच त्याच्या हाती आहे. प्रवृत्ती आणि संमती यांतील हा भेद नीतिशास्त्राला जुनाच. पण तो सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून कळावा, यात लेखिकेचे सामर्थ्य आहे.

एक शंका मात्र उरते. तीन ही लोककथेची लाडकी संख्या. तिसरी कसोटी पार पडली की मोह कायमचा सरला, असा समज बालप्रेक्षकाचा होऊ शकेल. जीवनात चौथी कसोटी असतेच.

हे नाटक मुलांना पेलेल का, असे काही पालक विचारतील. आम्हास वाटते, ते पेलणे मोठ्यांनाच अधिक कठीण आहे. व्यसनी किंवा संतापी पित्याच्या मुलाविषयी ‘खाण तशी माती’ असे आपण किती सहजपणे म्हणतो! आणि घरात त्या पित्याचा विषय निघाला की किती कसोशीने गप्प बसतो! पहिल्याने मुलाचे भवितव्य आपण परस्पर ठरवून टाकतो, तर दुसऱ्याने ते बदलण्याचे साधनच त्याच्या हातून काढून घेतो. कोणत्या खाणीतून आलो, हे मुलाला कळले पाहिजे. त्या मातीचे काय घडवायचे, हे मग त्याला ठरवू द्यावे.