दोन डबे आणि रंकाळा

शिरोली एमआयडीसीजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला. नववीच्या मुलांनी 'तलाव आणि शहराचे हवामान' हा प्रयोग मांडला होता. दोन सारखे डबे, एकात पाणी, दुसऱ्यात वाळू. दोन्ही तासभर उन्हात. वाळूतल्या तापमापकाचा पारा भराभर चढला, पाण्यातला जेमतेम हलला. खाली तक्त्यावर निष्कर्ष होता : पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून मोठ्या तलावाजवळच्या शहराचे हवामान सम राहते, रंकाळ्यामुळे कोल्हापूर थंड आहे, तेव्हा शिरोलीतही तलाव खोदावा. एक मुलगा म्हणाला, "तलाव झाला की बाबांना बरं पडेल. ते भट्टीवर असतात."

प्रयोगाला आम्ही दुसरे पारितोषिक दिले. त्या मुलाचे वाक्य मात्र घरी येईपर्यंत डोक्यात राहिले. मुलांनी आपण वर्गात शिकवतो तेच मांडले होते, म्हणून ही टीका मुलांवर नाही, त्या शिकवण्यावर आहे. परीक्षक म्हणून आम्हीही त्यात आलो.

आधी वाळूबद्दल. ती आणली होती एका फाउंड्रीच्या आवारातून, ओतकामानंतर टाकून दिलेली, जळून काळी पडलेली. शिरोलीत अशा वाळूला तोटा नाही. पण काळा पदार्थ ऊन अधिक शोषतो. मग पारा चढला तो वाळूच्या कमी विशिष्ट उष्म्यामुळे किती आणि काळ्या रंगामुळे किती, हे या मांडणीवरून सांगता येत नाही. शिवाय पाण्याचा डबा उघडा होता. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्ची पडते. शेजारी ओल्या वाळूचा तिसरा डबा ठेवला असता, तर कोरड्या वाळूपेक्षा तोही थंड राहिलेला दिसला असता. म्हणजे गारवा ही एकट्या तलावाची मिरासदारी नाही, ओली जमीन आणि हिरवे पीकही तेच काम करते.

पण खरा घोटाळा 'मोठा' या शब्दात आहे. मोठा म्हणजे किती? हा प्रश्न डब्यांना विचारता येत नाही, कारण दोन्ही डबे सारखे असतात.

रंकाळ्याचे पाणी साधारण एक चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. भर उन्हाळ्यात त्यातून रोज सात मिलिमीटर पाणी उडते असे धरू. ते झाले 7000 टन. आकडा दणदणीत वाटतो. आता पावसाळ्यात कोल्हापूरवरून जाणारा मोसमी वारा घ्या. दहा किलोमीटर रुंद व एक किलोमीटर उंच हवेचा पट्टा, वेग सेकंदाला पाच मीटर, आणि दर घनमीटर हवेत 15 ग्रॅम वाफ. हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. उत्तर येते सेकंदाला 750 टन. रंकाळ्याची उन्हाळ्यातल्या अख्ख्या दिवसाची वाफ हा वारा नऊ-दहा सेकंदांत वाहून नेतो! अरबी समुद्रापुढे रंकाळ्याने पावसाचे श्रेय मागणे हे जरा जास्तच होईल.

गारव्याचेही तसेच. सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा एक किलोमीटर पाणी पाच-सहा मिनिटांत ओलांडतो. तेवढ्यात हवेचा अगदी तळचा थर थोडा निवतो. संध्याकाळी काठावर बसणाऱ्यांना सुखावतो तो हाच थर, ते सुख खरे आहे. पण वारा गल्ल्यांत शिरला, तापलेल्या भिंतींना घासला, की थोड्याच अंतरात तो फरक विरतो. शिरोली तर शहराच्या पलीकडे, पंचगंगेच्या उत्तरेला.

ज्या तलावांची उदाहरणे पुस्तकांतून येतात ते वेगळ्याच मापाचे आहेत. अमेरिकेतल्या ईरी सरोवराचे क्षेत्र सुमारे 26 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा बारावा हिस्सा. हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी अजून उबदार असते आणि त्यावरून गोठवणारा वारा शेकडो किलोमीटर वाहत येतो. खालून ऊब आणि वाफ घेऊन ढग उभे राहतात व पूर्व टोकाच्या बफेलो शहराच्या बाजूला बर्फ ओततात. नोव्हेंबर 2022 मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला, तर शहराच्या उत्तर भागात त्या मानाने पुष्कळच कमी. आफ्रिकेतले व्हिक्टोरिया सरोवर तर त्याहून अडीचपट मोठे. रात्री चहूकडच्या जमिनीवरून वारे पाण्याकडे धावतात, एकमेकांना भिडतात आणि सरोवरावर गडगडाटी वादळे होतात.

मग कोल्हापूर त्यातल्या त्यात थंड का? एक तर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच आहे. हवेत एक किलोमीटर वर गेल्यास तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्या हिशेबाने साडेतीन अंश इथेच सुटले. समुद्र सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, तिकडून पश्चिमेचा वारा येतो. पाऊस ठरतो सह्याद्रीवर. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला हजाराच्या आसपास. आणि भोवतीचा ऊस विसरू नये. जिल्ह्यात तो एक लाख हेक्टरहून अधिक, म्हणजे हजार रंकाळ्यांएवढ्या जमिनीवर असतो, आणि पाणी दिलेला वाढता ऊस दर चौरस मीटरला जवळजवळ उघड्या तलावाइतकीच वाफ सोडतो. तक्त्यावर त्याचे नावही नव्हते.

रंकाळ्याचे मोल यामुळे घटत नाही. तो राखायला हवामानाचा चुकीचा दाखला लागत नाही, एवढेच.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. बीड 1200 अंशांच्या आसपास वितळते. ते ओतण्याची भट्टी, वर तापलेला पत्रा, भोवती काँक्रीट आणि विरळ झाडी असताना दूरच्या तलावाने शेडमधल्या माणसाला काय बरे पडणार? तलाव खोदा म्हणणाऱ्या तक्त्याने त्याच्या वडिलांच्या डोक्यावरचा पत्राच नजरेआड केला.

पुढच्या वेळी हाच प्रयोग चार डब्यांचा करावा : कोरडी वाळू, ओली वाळू, उघडे पाणी, झाकलेले पाणी. वाळू नदीची, फिकी घ्यावी. तीन तापमापक एकाच दिवशी, दुपारी तीन वाजता, सावलीत, जमिनीपासून सारख्या उंचीवर टांगावेत : रंकाळ्याच्या काठी, तिथून अर्ध्या किलोमीटरवर आणि शाळेच्या आवारात. वाऱ्याची दिशाही लिहावी. आणि पत्र्याची दोन रिकामी खोकी उलटी उन्हात ठेवून एकाच्या वरच्या बाजूला चुना फासावा, आतले तापमान दर दहा मिनिटांनी मोजावे. तो तक्ता त्या मुलाने घरी न्यावा.