बी. रघुनाथ यांची शब्दनिवड : ग्रंथशीर्षकांच्या आधारे एक विचार

कथालेखकाच्या शैलीचा विचार करताना परिसरातून आलेला शब्द आणि निवडलेला शब्द यांत भेद करणे अगत्याचे असते. दुसरा पर्याय हाताशी नसताना आलेला शब्द हा भाषेचा विशेष होय. पर्याय असताना घेतलेला शब्द हा शैलीचा विशेष होय. मराठवाड्यातील लेखकांच्या बाबतीत हा भेद सहज निसटतो. फार्सी-उर्दू वळणाचा शब्द दिसला की तो निजामी राजवटीचा अवशेष ठरविला जातो. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्या गद्याला ही नोंद न्याय देत नाही. त्याची परीक्षा त्यांच्या ग्रंथशीर्षकांवर करता येते. कारण संवादातील शब्द पात्राचा म्हणून सोडून देता येतो, शीर्षकाला मात्र लेखकच उत्तरदायी असतो.

बी. रघुनाथांचा जन्म परभणी जिल्ह्यातील सातोना येथला. नोकरी संस्थानच्या बांधकाम खात्यातील. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. परभणी, नांदेड किंवा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर येथील मराठी माणूस जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘अव्वल तालुकदार’ म्हणे आणि रुपया ‘हाली’ की ‘कलदार’ हे विचारून घेई. या शब्दांत निवड नव्हती. तेव्हा शैलीचा पुरावा म्हणून ते बाजूस ठेवावयास हवेत.

‘साकी’ या शीर्षकाची गोष्ट निराळी आहे. हा कथासंग्रह १९४० चा. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९३८ साली, माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला होता. फार्सी-मराठी कोश (१९२५) रचणारा पंडितच शुद्धीचा पुरस्कार करू लागल्यावर अशा शब्दांकडे केवळ सवयीने वळणे कोणाही जाणत्या लेखकाला शक्य नव्हते. शिवाय ‘साकी’ हा शब्द दुहेरी आहे. फार्सी काव्यातील मद्य देणारी व्यक्ती हा त्याचा एक अर्थ. तर कीर्तनात आणि संगीत नाटकात रूढ असलेली पद्यरचना हा दुसरा. मराठी कानाला हे दोन्ही नाद एकदम ऐकू येतात.

‘फकिराची कांबळी’ या शीर्षकाचे वर्ष १९४८ आहे. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाडा होरपळला आणि सप्टेंबरातील पोलीस कारवाईने निजामी सत्ता संपली, ते हेच वर्ष. सत्तेची भाषा नकोशी वाटावी असा तो काळ. तथापि ‘फकीर’ हा शब्द कचेरीचा नव्हे. दत्ताने एकनाथांना मलंगाच्या वेषात दर्शन दिल्याची कथा सांगणाऱ्या, माहूरचे दत्तस्थान आणि कंधारचा दर्गा एकाच जिल्ह्यात नांदविणाऱ्या लोकजीवनाचा तो शब्द आहे. त्याच्या शेजारी ‘कांबळी’ हा संस्कृत ‘कंबल’पासून उतरलेला घरगुती शब्द बसतो. राज्यकर्त्यांची भाषा आणि लोकांत मुरलेला शब्द यांतील अंतर या दोन शब्दांच्या मेळाने दाखविले आहे.

‘छागल’ (१९५१) हे शीर्षक शुद्धीच्या कसोटीलाच अडचणीत आणते. प्रवासात पाणी नेण्याची पिशवी आणि हिंदी-उर्दूत पायातील वाजता दागिना, असे या शब्दाचे दोन अर्थ. पहिल्या अर्थाचे मूळ संस्कृत ‘छाग’ म्हणजे बोकड, त्याच्या कातड्याच्या पिशवीत सापडते. म्हणजे जो परका म्हणून काढावयाचा, तोच मुळाने घरचा निघतो. ‘जलपात्र’ घातल्यास दागिना जातो, ‘नूपुर’ घातल्यास पाणी जाते. पर्याय असूनही पर्याय का चालत नाही, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित मिळते.

यावरून बी. रघुनाथांना फार्सी-उर्दूचा हव्यास होता असे मात्र ठरत नाही. ‘आलाप आणि विलाप’ (१९४१) व ‘उत्पात’ (१९४५) ही शीर्षके संस्कृत वळणाची आहेत. त्यांपैकी पहिल्यात अनुप्रासाचा मोह अर्थाहून प्रबळ झाला आहे, हेही मान्य केले पाहिजे. उलट ‘म्हणे लढाई संपली’ (१९४६) यात एकही भारदस्त शब्द नाही. महायुद्ध संपल्याची वार्ता ‘म्हणे’ या एका बोली शब्दाने ऐकीव ठरते आणि सामान्य माणसाची लढाई संपली काय, हा प्रश्न न विचारता उभा राहतो. ‘आडगावचे चौधरी’ (१९५४), ‘आकाश’ (१९५५) आणि ‘काळी राधा’ (१९५६) ही पुस्तके लेखकाच्या मृत्यूनंतर निघाली असल्याने त्यांची शीर्षके येथे पुराव्यात धरलेली नाहीत.

कचेरीची उर्दू, ग्रंथांतली संस्कृतप्रचुर मराठी आणि घरची बोली या तिन्ही थरांतून अर्थाच्या गरजेनुसार शब्द उचलणे, ही बी. रघुनाथांची शैली होय. त्यांच्या शब्दांना तळटीप देऊन ‘उर्दू’ एवढेच लिहिणारा अभ्यासक शब्दाचे कूळ सांगतो. तो तेथे का आला, हे सांगावयाचे राहूनच जाते. नांदेड-लातूरकडील नव्या अभ्यासकांच्या आजोबा-पणजोबांनी हे तिन्ही थर एकाच दिवसात बोलले आहेत. तो वारसा अशुद्धीच्या रकान्यात मांडावयाचा की सामर्थ्याच्या, याचा निर्णय शब्दकोश देऊ शकत नाही. तो प्रत्येक शब्दाच्या जागी जाऊनच करावा लागतो.