कृषिपंपाचं युनिट: मोजलेलं की मानलेलं?

माझ्या पहिल्या प्रगती-सादरीकरणात एक तक्ता होता. महाराष्ट्रातला ग्राहकवार वीजवापर: घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी. कृषीचा रकाना घेऊन मी त्याचा पावसाशी सहसंबंध काढला होता. आलेख इतका छान आला होता की विचारू नका. गाईडनी एकच प्रश्न केला, "हा कृषीचा आकडा कुणी मोजला?" मी महावितरणचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "प्रसिद्ध कुणी केला हे नाही विचारलं. मोजला कुणी?"

तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, आणि दुय्यम आकडेवारी वापरणार आहेत. म्हणून हा एकच रकाना आज उसवून बघू.

सोलापुरातल्या यंत्रमागाला मीटर असतो. 27 अश्वशक्तीच्या आतला की वरचा, यावर सवलत ठरते, पण युनिट मीटरवरच मोजलं जातं. घराचंही तसंच. कृषिपंपाचं मात्र तसं नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 55 नं दोन वर्षांत सगळ्यांना मीटर लावायला सांगितलं होतं. तरीही राज्यातल्या लाखो पंपांना दर अश्वशक्तीवर बिल येत राहिलं. अशा पंपाचं युनिट कसं काढायचं? अश्वशक्ती गुणिले वर्षाचे तास. 5 अश्वशक्तीचा पंप म्हणजे 3.73 किलोवॅट. वर्षाला 1,000 तास धरले तर 3,730 युनिट, 1,500 धरले तर 5,595. पंप तोच, विहीर तीच. बदलला तो आपण धरलेला आकडा.

आता आपलाच जिल्हा घ्या. माळशिरस-पंढरपूरकडे कालव्याच्या आणि नदीच्या पाण्यावर ऊस आहे, तिथली मोटर वर्षातले बरेच महिने चालते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी ओलीवरच येते. सांगोल्यात डाळिंबाला ठिबक, आणि एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणीच नाही, तर मोटर चालवणार काय! या तिघांना एकच सरासरी लावली की जो आकडा येतो तो तिघांपैकी कुणाचाच नसतो. शिवाय मोटरच्या पाटीवर पाच लिहिलेलं असतं, पण दोनदा रिवाइंडिंग झालेली मोटर कमी दाबावर नेमकी किती ओढते, हे पाटी सांगत नाही.

इथपर्यंत ही नुसती अंदाजातली चूक वाटेल. खरी गोम पुढे आहे. वितरण गळती कुणी मोजत नाही. ती उरलेली रक्कम असते: यंत्रणेत आलेली वीज, वजा मीटरवर विकलेली, वजा पंपांना दिली असं मानलेली. समजा 100 युनिट आले, 55 मीटरवर विकले, 27 पंपांचे धरले, गळती 18. हे 27 जर 1,500 तासांच्या हिशेबाने आले असतील आणि पंप खरे 1,000 तासच चालले असतील, तर पंपांचे 18 आणि गळती 27. म्हणजे चोरी, जुन्या तारा, तापलेली रोहित्रं हे सगळं शेतकऱ्याच्या नावावर जमा होऊ शकतं, आणि कुणी खोटं बोललेलंही नसतं.

ही कल्पनेतली भीती नाही. वीज मंडळ साधारण 18 टक्क्यांच्या आसपास सांगत असलेली गळती, 2000 साली नियामक आयोगापुढे पहिली दरनिश्चिती झाली त्या सुमारास 30 च्या पुढे गेली. तारा एका वर्षात कुजल्या नव्हत्या; शेतीचा अंदाज बदलला होता. पुढे आयोगाने कृषिवापराच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला आणि मार्च 2020 च्या आदेशात कृषी विक्री पुन्हा कमी धरली. वीस वर्षांनी तोच धडा.

पैशाचा प्रश्न तर आहेच. 2024 च्या बळीराजा वीज सवलत योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल शासन भरतं, वर्षाला 14,760 कोटींचा हिशेब त्या वेळी मांडला गेला. बिल शेतकऱ्याला भरायचंच नसेल तर "माझे तास एवढे नाहीत" म्हणून भांडणार कोण? तक्रार करणारा उरत नाही, हे मला या योजनेतलं सगळ्यात कमी चर्चिलेलं अंग वाटतं.

महावितरणची बाजूही खरी आहे. रानारानातून रीडिंग घेणं सोपं नाही, मीटरला शेतकऱ्यांचा विरोध असतो, आणि फीडरच्या मीटरवरून हिशेब करण्याची पद्धत आधीपेक्षा नक्कीच बरी. पण फीडरच्या आकड्यात त्या तारेवरची गळती आणि आकडे टाकून घेतलेली वीजही येते, हे विसरू नका. माझा आक्षेप अंदाजाला नाही. मोजलेलं आणि मानलेलं एकाच तक्त्यात, एकाच टायपात, दशांश चिन्हासकट शेजारी बसवतात, त्याला आहे. आणि तो तक्ता आपण संशोधक तसाच उचलतो, त्याला तर जास्तच.

माझ्या त्या छान आलेखाचं काय झालं? पंपाचे तास ठरवताना पाऊसमान आधीच विचारात घेतलं असेल, तर मी पावसाचा पावसाशीच सहसंबंध काढला होता. ते असं घडलं होतं की नाही, हे त्या तक्त्यावरून तपासताच येत नव्हतं. प्रकरण काढून टाकलं. आता तीन कृषी फीडरच्या मासिक नोंदींवर काम चालू आहे. ठिपके विखुरलेत, रेषा काही नीट बसत नाही.