आठ वर्षांची कारवी आणि तीन वर्षांचा प्रबंध

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले डोंगरउतार २०१६ च्या पावसाळ्याअखेर जांभळे झाले होते. कारवीला बहर आला होता. तसा सामूहिक बहर त्यानंतर आला तो २०२४ मध्ये. मधली सात वर्षे हीच झुडपे पावसाळ्यात हिरवी होत होती आणि उन्हाळ्यात वाळक्या काड्यांसारखी उभी राहत होती. एकदा फुलून बी धरले की कारवी मरते आणि त्या बियांतून आलेली पिढी पुन्हा आठ वर्षे वाट पाहते. झुडूप ही वर्षे मोजते कसे, सगळी एकाच वर्षी का फुलतात, चुकून आधी फुललेल्या एखाद्या झुडपाच्या बियांचे काय होते, हे प्रश्न कोणत्याही चौकस विद्यार्थ्याला पडतील.

समजा, २०१६ चा बहर पाहून एखाद्या विद्यार्थिनीने याच विषयात पीएच.डी. करायचे ठरवले असते तर? राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती पाच वर्षांची असते. म्हणजे ती २०२१ मध्ये संपली असती. पीएच.डी.साठी सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची; ती २०२२ मध्ये संपली असती. पुढचा बहर त्यानंतर दोन वर्षांनी! शहाणा मार्गदर्शक तिला पहिल्याच दिवशी सांगेल, ‘‘बाई, दुसरा विषय घ्या.’’ सल्ला व्यवहार्य आहे. पण असे सल्ले वर्षानुवर्षे दिले गेले, की एका शास्त्रात कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते कधीच विचारले जात नाहीत, हे निसर्ग ठरवत नाही, नियमावली ठरवते. म्हणून ती नियमावली तपासून पाहायला हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाले. त्यांनुसार किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सुरुवातीला किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता हे विषय येतात. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, शेवटी प्रबंध सादर करायचा, तो बाहेरच्या किमान दोन परीक्षकांनी तपासायचा आणि मग मौखिक परीक्षा. रसायनशास्त्र असो, इतिहास असो की परिसरशास्त्र, चौकट एकच.

या नियमांत एक गोष्ट निश्चित चांगली झाली आहे. २००९ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. २०१६ च्या नियमांत त्यात परिषदांमधल्या दोन सादरीकरणांची भर पडली. २०२२ मध्ये आयोगाने ही सक्ती काढली. ती काढणे का योग्य होते, हे परिसरशास्त्राच्याच इतिहासात पाहता येते. रेमंड लिंडमन या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्याचा पाच वर्षे अभ्यास करून १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींनी पकडलेली सूर्याची ऊर्जा एका पोषणपातळीतून दुसरीत कशी जाते, याचा हिशेब त्याने प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मांडला होता. तेच प्रकरण सुधारून त्याने ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवले. दोन्ही परीक्षकांनी ते नाकारले. त्यांच्या मते त्यात सिद्धांत फार होता आणि आधार तोकडा. प्राध्यापक हचिन्सन यांनी त्याची बाजू लावून धरली, संपादकांनी परीक्षकांचा अभिप्राय बाजूला ठेवला आणि लेख १९४२ मध्ये छापून आला. तोवर लिंडमन सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. आज शाळेत आपण ऊर्जेचा मनोरा शिकवतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे. हेच प्रकरण आधी छापून आले पाहिजे अशी अट त्याच्या विद्यापीठाने घातली असती, तर हा माणूस डॉक्टरेटविनाच गेला असता.

गंमत अशी, की त्याच्या बाजूने उभे राहिलेले हचिन्सन विसाव्या शतकातल्या परिसरशास्त्रज्ञांचे गुरू मानले जातात, पण त्यांनी स्वतः पीएच.डी. केलेली नव्हती. यावरून पदवी निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. शेकडो विद्यार्थ्यांना काम शिकवायचे, तर काही ना काही चौकट लागतेच. प्रश्न इतकाच, की ही चौकट काय मोजते?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. नियमावली मोजते ती विद्यार्थ्याची वर्षे आणि श्रेयांक. परिसरशास्त्रात मोजायला हवेत ते ऋतू. सह्याद्रीतल्या सड्यांवरची बहुतेक फुले, बेडूक, डबक्यांतले जीव यांचे सगळे जीवन जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान घडते. तीन वर्षांत तीन पावसाळे मिळतात खरे, पण पहिला अभ्यासक्रमात आणि वनखात्याच्या परवानगीच्या खटपटीत जातो, दुसरा जागा व पद्धत ठरवण्यात. नीट नोंदींचा राहतो तो एकच. त्या वर्षी पाऊस कमी झाला असेल, तर प्रबंधात उतरते ते कमी पावसाच्या वर्षाचे चित्र, आणि शीर्षकात मात्र म्हटलेले असते, ‘अमुक पठारावरील वनस्पतिजीवन’.

इथे उत्तर दिले जाते, की विद्यार्थ्याने चाळीस चौकटी आखून मोजणी केली आहे, नमुना मोठा आहे. शिक्षकांनी हा मुद्दा जरूर समजून घ्यावा, कारण शालेय प्रकल्पांतही हीच चूक होते. एका वर्षात चाळीस चौकटी मोजल्या, तर त्या पठाराबद्दल आपल्याजवळ चाळीस नोंदी असतात; पण ‘पाऊस आणि फुले’ या संबंधाबद्दल नोंद एकच असते, कारण पावसाळा एकच होता. तापाच्या रुग्णाचे तापमान एका मिनिटात चाळीस वेळा घेतले, म्हणून त्याच्या आजाराचे चाळीस दिवस कळत नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या खोट्या पुनरावृत्तीकडे लक्ष वेधले, त्याला चार दशके झाली. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे ही चांगली गोष्ट. पण आपल्या प्रश्नाचा ‘एक नमुना’ म्हणजे एक झाड, एक टेकडी की एक वर्ष, हे विद्यार्थ्याने लेखी सांगावे अशी अट नियमांत कुठेच नाही.

मग विद्यार्थ्याला बारा वर्षे अडकवून ठेवायचे का? मुळीच नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, म्हणून कोणाचे तारुण्य त्यात घालवणे हा अन्यायच होईल. मार्ग वेगळा आहे, आणि तो इतरांनी चालून दाखवला आहे. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या चोचींची मापे नोंदवायला सुरुवात केली. १९७७ मध्ये तिथे भीषण अवर्षण पडले. लहान बिया संपल्या, मोठ्या टणक बिया तेवढ्या उरल्या आणि मध्यम आकाराच्या जमिनीवरच्या फिंचांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. वाचले ते मुख्यतः मोठ्या चोचीचे. पीटर बोग हा त्या वेळी ग्रँट यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. अवर्षणाआधीची मापे आणि आईबाप व पिल्लांच्या चोचींतले साम्य या दोन्ही नोंदी हाताशी होत्या, म्हणून नैसर्गिक निवड प्रत्यक्ष घडताना दाखवता आली. विद्यार्थ्याची वर्षे मोजकीच होती. पण ती एका लांब साखळीतली कडी होती.

भारतातही असे काम झाले आहे. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये पन्नास हेक्टरांचा तुकडा आखला. त्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड अशा प्रत्येक खोडाला क्रमांक दिला आणि कोणते मेले, कोणते नवे आले याची मोजणी चालू ठेवली. अशा जागी तीन वर्षांसाठी आलेला विद्यार्थी जुन्या नोंदींच्या खांद्यावर उभा राहतो.

आपल्या नियमावलीत नेमकी हीच सोय नाही. पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जावी असा दंडक आहे, आणि तो उत्तम आहे. पण ज्यांच्यावर प्रबंध उभा असतो त्या कच्च्या नोंदी, म्हणजे चौकटींची ठिकाणे, तारखा, झाडांचे क्रमांक, यांच्याबद्दल नियम गप्प आहेत. त्या नोंदवह्या मार्गदर्शकाच्या कपाटात जातात आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर रद्दीत. दहा वर्षांनी त्याच पठारावर आलेला विद्यार्थी पुन्हा शून्यापासून चौकटी आखतो. परिसरशास्त्राच्या प्रबंधासाठी एकच अट वाढवायची झाली, तर मी ही वाढवीन : पुढच्या माणसाला तीच जागा शोधून तेच मोजमाप पुन्हा करता येईल अशा रीतीने मूळ नोंदी जमा केल्याशिवाय पदवी मिळू नये. तिला ना जादा वर्ष लागते, ना जादा पैसा.

नियम बदलणे आपल्या हाती नाही, पण ही सवय लावणे आहे. शाळेच्या आवारातल्या एखाद्या आंब्याला वा बहाव्याला क्रमांक द्यावा, पालवी, मोहर, फळ यांच्या तारखा दर आठवड्याला एका वहीत लिहाव्यात आणि वर्ग पुढे गेला की वही मागच्या वर्गाच्या हवाली करावी. एका वर्षाच्या नोंदीतून फारसे काही निघणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आठ वर्षांची वही मात्र बोलू लागते. बोरिवलीची कारवी तिच्या शिरस्त्याप्रमाणे २०३२ मध्ये पुन्हा फुलेल. आज नववी-दहावीत असलेली मुले तोवर पदव्युत्तर वर्गात पोचलेली असतील. त्यांतल्या कोणी तो विषय घ्यायचे ठरवले, तर मधल्या वर्षांच्या नोंदी कोणी तरी ठेवलेल्या असायला हव्यात.