पाठभेद आणि अनोळखी कर्ता
दिल्लीच्या ‘सराय’मधून ‘रक्स मीडिया कलेक्टिव्ह’ने घडविलेली व २००२ साली कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त मांडलेली ‘ओपस’ ही आंतरजालावरील कृती अनोळखी सहभागींवाचून अपूर्णच होती. कोणीही दुसऱ्याची कृती घेऊन तिचा नवा पाठ सिद्ध करावा. मूळ पाठ मात्र अबाधित राहावा, हा तिचा दंडक.

जात्यावरच्या ओवीतही अनामिक स्त्रियांनी भर घातली. उलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून तीत नवी ओवी घालण्यास मनाई केली. ‘ओपस’ने मोकळीक ओवीची घेतली, मुळाविषयीची दक्षता एकनाथांची. परंतु कंठात टिकली तीच ओवी उरली. सर्वच पाठ राखणाऱ्या संग्रहात ही निवड कोणी करावयाची? निवडीचा भार उचलतो तोच परका खरा सहकर्ता होय. एरवी सहभाग ही केवळ उपस्थिती ठरते.