अठ्ठावीस, तेवीस, सतरा

अतिदक्षता विभागातला निरीक्षण-तक्ता वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. वाचायला हवा, निदान गुलेन-बॅरे सिंड्रोमच्या रुग्णाचा तरी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात या आजाराची, म्हणजे ‘जीबीएस’ची साथ आली, तेव्हा दूषित पाण्यावर, कॅम्पिलोबॅक्टर जंतूवर, आयव्हीआयजीच्या महागड्या इंजेक्शनांवर रकानेच्या रकाने छापून आले. खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या कागदावर रात्रपाळीची सिस्टर जे रकाने भरत होती, त्यांची वाच्यता फारशी झाली नाही.

असा एक तक्ता उदाहरणादाखल समोर धरू. ‘एका दमात मोजलेले आकडे’ या रकान्यात दुपारी दोनला २८, संध्याकाळी सहाला २३, रात्री दहाला १७. शेजारच्या रकान्यात रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण : ९८, ९८, ९८. सगळा रस या दोन रकान्यांच्या न जुळण्यात आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. बहुधा पायांपासून सुरुवात होते, मग अशक्तपणा वर चढत जातो. साधारण दोन आठवड्यांत, फार तर चार, तो टोक गाठतो. फुप्फुसं धडधाकट असतात, पण श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू, म्हणजे भाता ओढणारे हात, दमत जातात. मॉनिटरला त्याचा पत्ता लागतो तो फार उशिरा. ऑक्सिजन घसरेपर्यंत वेळ निघून गेलेली असते आणि घाईघाईत श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागते. म्हणून या तक्त्यात यंत्राने दिलेला आकडा सर्वांत आंधळा आहे आणि माणसाच्या तोंडून वदवून घेतलेला सर्वांत डोळस.

वदवून घेण्याची रीतही पाहण्यासारखी. “काका, मोठा श्वास घ्या आणि एका दमात मोजा, माझ्या चालीनं.” निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो, वीसच्या खाली आलं की काळजी. पुस्तकातला हा हिशेब इंग्रजी आकड्यांवर बेतलेला. मराठीत अठरापर्यंत गाडी बरी चालते, पुढे एकोणीस, एकोणतीस अशी लांबलचक वळणं येतात आणि दम जास्त लागतो. जाणती सिस्टर म्हणूनच पुस्तकाशी तुलना करत बसत नाही. काकांच्या रात्रीच्या आकड्याची तुलना काकांच्याच दुपारच्या आकड्याशी. भाषा तीच, चाल तीच. शिवाय ती नुसती संख्या ऐकत नाही. बाराव्या आकड्याला आवाज गेंगाणा झाला का, ओठांच्या कडेने लाळ ओघळली का, तेही टिपते. मग उशीवरून मान उचलायला लावते. मान पुढे उचलणाऱ्या स्नायूंच्या आणि श्वासपटलाच्या नसा मानेच्याच मणक्यांतून निघतात. मान उचलेना झाली की श्वासाचंही काही खरं नाही.

आता त्या रात्रीची टिपणं वाचा. “सूप घेताना ठसका. तोंडाने देणे बंद. डोके उंच केले. डॉक्टरांना कळवले.” प्रत्यक्षात हे वॉर्डातल्या तुटक इंग्रजीत असतं, पण घडण हीच. भावनेचं एकही विशेषण नाही. ‘रुग्ण घाबरला’ असंही नाही. चार वाक्यांत गिळण्याचे स्नायू गेल्याचं निदान आहे, न्यूमोनिया टाळण्याची तजवीज आहे आणि जबाबदारी कधी पुढे सरकवली त्याची नोंद आहे. ‘ऑक्सिजन ९८’ असताना रात्री दहाला डॉक्टरांना उठवायचं म्हणजे बोलणी खाण्याची तयारी ठेवूनच. माझ्या मते अख्ख्या कागदावरची सर्वांत धीट ओळ हीच.

ट्यूब पडल्यावरची शैली आणखी आखडते. “सक्शन करताना नाडी उतरली. थांबवले. ऑक्सिजन वाढवला.” जीबीएसमध्ये हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या स्वयंचलित नसाही बिघडलेल्या असू शकतात, कफ ओढायची नळी ट्यूबमधून आत घातली एवढ्या निमित्ताने ठोके कोसळतात, रक्तदाब क्षणात चढतो, क्षणात पडतो. म्हणून आधी भरपूर ऑक्सिजन, अ‍ॅट्रोपिन हाताशी, आणि नळी आत-बाहेर काही सेकंदांत. ‘बंद’, ‘थांबवले’, ‘दिले नाही’ : या लेखनातली खरी क्रियापदं ही अशी, हात आवरण्याची. आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा बदलण्याने आजाराचा जोर लवकर ओसरतो. उखडलेली नस मात्र आपल्या गतीनेच भरून येते. मधल्या आठवड्यांत माणूस शाबूत ठेवायचा, एवढंच काम. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून रुग्णांचा श्वास आठवडेच्या आठवडे चालू ठेवला होता. आजचा अतिदक्षता विभाग त्याच हातांच्या वंशातला.

तक्त्यात एक मोठं वैगुण्य आहे. स्पर्शाच्या वेदनेला धड रकानाच नाही. हातपाय हलत नाहीत म्हणजे दुखतही नसणार, असा नातेवाइकांचा समज. प्रत्यक्षात चादर घासली तरी आग होऊ शकते. “ताई, पायांवरून हात फिरवू नका, नुसता धरून ठेवा,” असं सिस्टर सांगते, कारण काहींना हलका स्पर्शच जास्त झोंबतो. हे शहाणपण कुठेच लिहिलं जात नाही; पाळी बदलताना तोंडी पुढे जातं, आणि सिस्टर नवखी असेल तर जातही नाही.

दुसरी अडचण डोळ्यांची. चेहऱ्याच्या नसा गेल्या की पापण्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं. मलम घालून पापण्या चिकटपट्टीने मिटवाव्या लागतात. पण ट्यूब पडलेल्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाला ‘हो’ म्हणायला वर आणि ‘नाही’ म्हणायला खाली बघणं एवढंच उरलेलं असतं. पट्टी लावली की तीही वाट बंद. चांगली सिस्टर आधी वेळ सांगते : “काका, आता डोळे मिटतेय. चारला उघडते.” तक्त्यात पुढे लिहिलेलं सापडतं : “४.०० पट्टी काढली. ४.०५ डोळ्यांनी कूस बदलायला सांगितले. डावी कूस दिली.”

इतका वेळ सगळ्या वाक्यांत काही ना काही रुग्णाला होत होतं किंवा त्याच्यावर केलं जात होतं. ४.०५ च्या ओळीत तो वाक्याचा कर्ता आहे, आणि सिस्टरने केलेली कृती त्याच्या सांगण्यावरून झालेली आहे.