पुणतांब्याचं तोंड कोणीकडे?

मंडळी, मागच्या भागात आपण इंग्लंडमधलं स्विंडन पाहिलं. १८४३ मध्ये तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना सुरू झाला, शेजारी कामगारांच्या दगडी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८६ मध्ये कारखाना बंद पडला आणि त्याच्या इमारतींत पुढे दुकानं आणि रेल्वेचं संग्रहालय आलं. तिथल्या रस्त्यांवरून हा सगळा इतिहास वाचता येतो. आज तोच प्रश्न घेऊन आपण पुणतांब्याला येऊ.

पुणतांब्यावर जे लिहिलं जातं, त्याबद्दल आमची एक तक्रार आहे. चांगदेवांची समाधी, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला घाट, देवळांची यादी. आणि मग एकदम २०१७ चा शेतकरी संप. मधली दीडशे वर्षं कुठे गेली? गाव म्हणजे काय नुसती यात्रा आणि बातमी?

आम्हाला गाव वाचायची एक साधी रीत वाटते: गावाचं तोंड कोणीकडे आहे ते बघायचं. जुनं पुणतांबं गोदावरीकडे तोंड करून आहे. पायऱ्या नदीत उतरतात, देवळं काठाला बसतात. इथला रस्ता आंघोळीला जाणाऱ्याचा, पायी चालणाऱ्याचा.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे आली. मनमाडला जाताना ही गाडी पुणतांब्यापुढे गोदावरी ओलांडते. आता गावाला दुसरं तोंड फुटलं, स्टेशनाकडचं. पण इथे एक गंमत बघा. याच मार्गावर बेलापूरसाठी स्टेशन झालं, त्याच्याभोवती बाजारपेठ वाढली आणि तिचं श्रीरामपूर शहर झालं. स्टेशनची पाटी आजही बेलापूरच म्हणते! पुणतांबं मात्र श्रीरामपूर झालं नाही. असं का?

आमच्या मते नुसत्या रुळांनी शहर होत नाही. त्यामागे मालाची पेठ लागते. प्रवरेच्या कालव्यांचं पाणी, ऊस, गूळ, साखर या सगळ्याची उलाढाल श्रीरामपुरात एकवटली. पुणतांब्याजवळही चांगदेवनगरला खाजगी साखर कारखाना होता, पण तो पुढे बंद पडला. कमाल जमीनधारणा कायद्याखाली खाजगी कारखान्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून खंडकरी शेतकरी कित्येक दशकं झगडले. ही हकीकत सात-बाऱ्यावर आहे, स्थळवर्णनात नाही. स्विंडनच्या बंद कारखान्याचं संग्रहालय झालं. आपल्याकडे बंद कारखान्याची साधी आठवणसुद्धा कुणी लिहून ठेवत नाही.

तिसरं तोंड शिर्डीकडचं. २००९ मध्ये साईनगर शिर्डीची गाडी सुरू झाली आणि पुणतांबं जंक्शन झालं. म्हणजे भाविक इथून जातो, पण उतरतो पुढे. नदीकाठचं तीर्थ आता दुसऱ्या तीर्थाच्या वाटेवरचं ठिकाण झालं.

आणि म्हणून २०१७ चा संप आम्हाला अचानक झालेला वाटत नाही. एप्रिलच्या ग्रामसभेत ठराव झाला, १ जूनला दूध-भाजी शहराकडे जायची थांबली आणि त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. ज्या वाटांनी दीडशे वर्षं माल बाहेर गेला, त्याच वाटा या गावाने अडवल्या. रस्त्यांचा इतिहास माहीत नसेल, तर या संपाचा अर्थ अर्धाच कळतो.

चांगदेव भेटीला आले तेव्हा ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथल्या भिंती चालत नाहीत. पण गाव वळतं, हळूहळू. घाट जपा, जरूर जपा. पण गोदाम, चाळ, बंद कारखाना, स्टेशनरोड हेही त्याच गावाचे आहेत. ते पाडायच्या आधी निदान त्यांचा एक फोटो काढा आणि तिथे कोण राबलं ते लिहून ठेवा. एवढंच आमचं मागणं आहे.